तिसऱ्या क्लॅरिनेटची खुर्ची

पेनसिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग या शहरात रिंगोल्ड बँड या नावाचा नागरिकांचा एक बँड १८५२ सालापासून चालत आलेला आहे. या बँडने आपल्या ८० व्या वर्धापनानिमित्त १९३२ च्या मार्च महिन्यात एक जलसा योजिला आणि त्याच्या संचालनासाठी जॉन फिलिप सूसा यांना पाचारण केले. सूसा त्या वेळी ७७ वर्षांचे होते. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे अमेरिकेच्या मरीन दलाच्या बँडचे नायकत्व आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे स्वतःच्या बँडसह देशोदेशींचे दौरे, एवढी पुण्याई गाठीस असलेल्या या वृद्ध संगीतकाराने एका मध्यम शहरातील हौशी मंडळींचे आमंत्रण नम्रपणे परत पाठविले असते, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु ते गेले. ५ मार्च रोजी त्यांनी त्या मंडळींची तालीम घेतली, अखेरीस १८९६ साली रचलेला आपला ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर’ हा मार्च वाजवून घेतला, आणि ६ मार्चचा दिवस उजाडण्यापूर्वीच हॉटेलातील आपल्या खोलीत त्यांचे हृदय थांबले.

याच सूसांनी १९०६ मध्ये यांत्रिक संगीताच्या संकटाविषयी एक जळजळीत लेख लिहिला होता. फोनोग्राफ आणि आपोआप वाजणारे पियानो घरोघर पोचले, म्हणजे बोटांना घट्टे पाडून वाद्य शिकण्याचे कष्ट कोण घेईल, आणि गावागावांतील हौशी वादक नाहीसा झाल्यावर राष्ट्राचे संगीत कशाच्या जोरावर उभे राहील, असा त्यांचा सवाल होता. (यंत्रांवर वाजणाऱ्या रचनांचा मोबदला रचनाकारास मिळत नाही, ही रोकड तक्रारही त्याच लेखात होती, आणि ती त्यांनी लपविली नव्हती, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे.) त्यांचे भाकीत बव्हंशी खरे ठरले. ऐकणारे अगणित झाले आणि वाजविणारे विरळ झाले. बँड मात्र या तडाख्यातून बचावला. त्याच पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलनटाउनचा नागरी बँड १८२८ पासून वाजतो आहे. आयोवा राज्याने तर १९२१ मध्ये कायदाच करून टाकला, की मतदारांनी कौल दिल्यास नगरपालिकेने बँडच्या खर्चासाठी स्वतंत्र कर बसवावा. म्हणजे दिवाबत्ती, रस्ते व आरोग्य यांच्या पंक्तीस अंदाजपत्रकात बँड ही एक रीतसर बाब होऊन बसली. फोर्ट डॉज येथील बँड १९२० पासून १९७१ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालविणारे रचनाकार कार्ल किंग यांनी या कायद्याच्याच नावाने एक मार्च रचला. आपल्याकडे जमीन महसूल अधिनियमावर कोणी पद बांधल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकेतील अशा बँडांत वृद्ध वादक आले कोठून, याचे उत्तर तेथील शाळांत सापडते. १९२३ मध्ये शिकागो येथे शालेय बँडांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिला पैसा पुरविला तो वाद्ये बनविणाऱ्या कारखानदारांनी. लष्करी बँडांची मागणी पहिल्या महायुद्धानंतर ओसरली होती आणि या कारखानदारांना नवे गिऱ्हाईक हवे होते. व्यापाऱ्याचा नफा आणि समाजाचे हित यांची गाठ क्वचित पडते, पण येथे ती पडली, आणि पुढील दोन-तीन पिढ्यांतील असंख्य मुलामुलींच्या हाती वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन आले. शाळा संपताच ते वाद्य पेटीत गेले आणि पेटी माळ्यावर गेली. नोकरी, घराचे कर्ज, मुलांची शिक्षणे यांत चाळीस वर्षे लोटली, आणि निवृत्तिवेतनाचे कागद हाती पडल्यावर, हिरव्या पडलेल्या चाव्यांची ती पेटी कोणी खाली काढली, कोणी नातवास देऊन टाकली.

या पेट्या खाली उतरविण्याचे पद्धतशीर कार्य ज्यांच्या नावावर आहे, ते रॉय अर्न्स्ट हे न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीत विद्यालयात प्राध्यापक होते. कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या औदार्यातून १९२१ मध्ये उभे राहिलेले हे विद्यालय अव्वल दर्जाचे वादक घडविण्यासाठी विख्यात आहे. तेथे प्रवेश मिळविणे हीच एक पदवी समजली जाते. अशा संस्थेच्या आश्रयाने अर्न्स्ट यांनी १९९१ मध्ये न्यू होरायझन्स या नावाचा जो बँड सुरू केला, त्याची अट मात्र नेमकी उलटी होती. पन्नाशी ओलांडलेल्या कोणासही येथे मुभा होती. पूर्वी वाजविले असेल तर उत्तम, नसेल तर वाद्य हातात कसे धरावे येथपासून प्रारंभ. परीक्षा नाही, निवड नाही. तुम्हांला जे उत्तम साधेल तेवढे आम्हांस पुरे, हे त्यांचे ब्रीदवाक्य. चार वर्षांनी डॉन कॉफमन या प्राध्यापकांनी आयोवा सिटी येथील ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या साहाय्याने असाच बँड उभारला आणि वृद्ध वादकांचा शास्त्रीय अभ्यासही चालविला. आज अमेरिका आणि कॅनडा मिळून अशी मंडळे शंभराहून अधिक आहेत.

साठीनंतर फुंकवाद्य हाती धरणे म्हणजे काय, याची कल्पना केवळ श्रोता असलेल्या मनुष्यास येणे कठीण आहे. ट्रम्पेटचा स्वर निर्माण होतो तो ओठांच्या कंपनातून, आणि त्या ओठांना आधार असतो समोरच्या दातांचा. दात कवळीचे असतील तर माउथपीसच्या दाबाने कवळी सरकते आणि स्वर फाटतो. क्लॅरिनेटचा सारा भार उजव्या हाताच्या अंगठ्यावर पडतो, आणि संधिवाताचा पहिला मुक्काम बहुधा तेथेच असतो. शिवाय या वाद्याची काही भोके बोटांच्या पेरांनी तंतोतंत झाकावी लागतात. पेर किंचित वाकले, की वाद्य किंचाळते. दृष्टीची अडचण आणखी वेगळी आहे. स्वरलिपीचा कागद स्टँडवर हातभर अंतरावर असतो, म्हणजे वाचावयाच्या चष्म्यास तो दूर आणि दूरच्या चष्म्यास जवळ. अनेकांना त्या अंतरासाठी निराळा चष्मा करून घ्यावा लागतो. वयोमानाने कान प्रथम गमावतात ते उंच स्वर, आणि श्रवणयंत्रे मुख्यतः मानवी संभाषणासाठी बनविलेली असल्यामुळे चाळीस वाद्यांच्या घोषात ती गोंधळून जातात. या सर्वांवर मात करून मनुष्य आठवड्यातून दोन सकाळी तालमीस रुजू होतो, सर्वांसह बी फ्लॅट लावून घेतो, आणि गुस्ताव होल्स्ट यांनी १९०९ मध्ये लष्करी बँडसाठी रचलेल्या ई फ्लॅटमधील पहिल्या स्वीटचे आरंभीचे मंद आवर्तन ट्यूबावर वाजवू लागतो. त्याला हे का करावेसे वाटते?

मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नास दोन बाजूंनी हात घातला आहे: एक व्यक्तिमत्त्वाची, दुसरी अभिरुचीची. वाद्य आणि स्वभाव यांची सांगड घालण्याचा मोह फार जुना आहे. जॉन बूथ डेव्हिस यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ग्लासगोच्या एका वाद्यवृंदातील वादकांचे एकमेकांविषयीचे अभिप्राय दिले आहेत. तंतुवाद्ये वाजविणाऱ्यांच्या मते पितळी वाद्यांचे लोक म्हणजे मद्यपी आणि गलबला करणारे, तर पितळी वाद्यवाल्यांच्या मते तंतुवाद्यांची मंडळी म्हणजे नाजूक आणि अतिगंभीर. अँथनी केम्प यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात वर्षानुवर्षांच्या मोजमापांच्या आधारे असे दाखविले, की संगीतकार एकंदरीत अंतर्मुख असतात, परंतु पितळी वाद्यांचे वादक त्या मानाने बहिर्मुख आढळतात. विनोदास शास्त्राचा एवढा पाठिंबा मिळाला.

तथापि ही मोजमापे संगीताचे विद्यार्थी आणि व्यावसायिक यांची होती. गावच्या बँडातील सत्तर वर्षांच्या बाईने ट्रॉम्बोन निवडला, तो स्वभावानुसार निवडला असे धरून चालणे धाडसाचे आहे. पुष्कळदा तो शाळेच्या कपाटात शिल्लक उरलेला असतो, किंवा थोरल्या भावाने टाकून दिलेला असतो, आणि साठ वर्षांनंतर त्याच बालपणीच्या योगायोगाकडे माणूस परत येतो. संस्कृतीचा दंडकही असतोच. फ्लूट मुलींची आणि ट्यूबा मुलांचा, हा अलिखित नियम कित्येक दशके अंमलात होता. आज अशा बँडांत काही आजीबाई मुद्दाम ट्यूबा मागून घेतात. तो स्वभावाचा आविष्कार म्हणावा, की जुन्या अन्यायाची थकबाकी वसूल करणे म्हणावे?

अभिरुचीचे संशोधन अधिक विस्तृत आहे. पीटर रेंटफ्रो आणि सॅम गॉसलिंग यांनी २००३ मध्ये संगीताच्या आवडीनिवडींचे चार गट पाडून त्यांचा स्वभावाशी संबंध तपासला, आणि नव्या अनुभवास मोकळे असणाऱ्यांचा कल गुंतागुंतीच्या, चिंतनशील संगीताकडे, तर बहिर्मुख माणसांचा कल उत्साही व ठेकाप्रधान संगीताकडे असल्याचे नोंदविले. २०१३ मध्ये रेंटफ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून दाखविले, की वय वाढते तसे कर्कश आणि नवनव्या संगीताचे आकर्षण कमी होते, अभिजात संगीत, जॅझ आणि लोकगीतांच्या धर्तीचे साधे संगीत यांची ओढ वाढते, आणि तारुण्यात जीवनाच्या केंद्रस्थानी असलेले संगीत प्रौढपणी कडेला सरकते. यात अनपेक्षित असे काहीच नाही. कोणत्याही घरात सायंकाळी रेडिओच्या खुंटीवरून होणारे तंटे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे आकड्यांवाचूनही ठाऊक होते.

मला या संशोधनातील खरे मर्म दुसरीकडे दिसते. स्वभाव वयानुसार कसा पालटतो, याविषयी ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्र ताळेबंद मांडला. त्याचा निष्कर्ष असा, की प्रौढपणी माणूस अधिक कर्तव्यदक्ष आणि चित्ताने अधिक स्थिर होत जातो, मात्र नव्या अनुभवाविषयीची मोकळीक उतारवयात ओसरते. आता बँडास काय हवे असते ते पाहा. वेळेवर येणारा, शेजाऱ्याचे ऐकणारा, संचालकाने दहाव्यांदा थांबविले तरी न चिडणारा सभासद बँडास हवा असतो, आणि वार्धक्य हे गुण आपण होऊन आणून देते. नवशिक्यास स्वतः मात्र लागते ती हास्यास्पद दिसण्याची तयारी आणि अनोळखी गोष्टीत उडी घेण्याची वृत्ती, आणि वार्धक्य नेमकी तीच काढून घेते. म्हणजे पन्नास वर्षे एखाद्या कचेरीत अधिकाराने हुकूम सोडलेला मनुष्य उत्तम सभासद होण्यास योग्य असतो, पण पहिल्या दिवशी दाराच्या आत पाऊल टाकण्यास नालायक असतो.

ही कोंडी फुटते कशी? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६० ते ९४ वर्षांच्या व्यक्तींना सोळा आठवडे तर्काचे शिक्षण व कोडी देण्यात आली, तेव्हा त्यांच्या ठायी नव्या अनुभवाची मोकळीक काही अंशी वाढलेली आढळली. त्या प्रयोगात संगीत नव्हते, आणि कोड्यांवरून क्लॅरिनेटविषयी अनुमान काढताना सावध असावे. तरीही एवढे त्यातून सुचते, की मोकळा स्वभाव असेल तरच शिकता येते हा क्रम उलटाही असू शकेल; शिकता शिकता स्वभाव मोकळा होऊ शकेल.

सावधगिरी आणखी एका बाबतीत हवी. ब्राँक्समध्ये ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचे अवलोकन करून जो अहवाल २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात वाचन, बैठे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाची बाधा कमी झाल्याचे दिसले. वृत्तपत्रांनी त्यातून वाद्य हे औषधच करून टाकले. वास्तविक ज्याच्या बुद्धीस ओहोटी लागलेली नाही तोच वाद्य वाजवीत राहतो, असाही त्याचा अर्थ लावता येतो, आणि त्या संशोधकांनीही कार्यकारणाचा दावा ठामपणे केलेला नव्हता. बँडात बसल्याने आयुष्य वाढते असे सांगून कोणास भुलवू नये. आयुष्य जेवढे असेल तेवढ्यात करण्यासारखे काही हाती राहते, इतके सांगणे पुरेसे आहे.

स्वभाव आणि अभिरुची यांचे एवढे मोजमाप होऊनही एक साधी गोष्ट बाजूस राहते, ती म्हणजे बँडाची रचना. क्लॅरिनेटचे साधारणतः तीन भाग असतात. पहिल्या क्लॅरिनेटकडे उंच, चपळ, सर्वांना ऐकू जाणारी सुरावट. दुसऱ्या क्लॅरिनेटकडे तिच्याखालचा भरणा. तिसऱ्या क्लॅरिनेटकडे खालच्या सप्तकातील सोपे, लांब स्वर. तिसऱ्या क्लॅरिनेटवाल्याचे नाव कोणी विचारीत नाही. एखाद्या अवघड जागी तो चार मात्रा गप्प बसला, तरी सभागृहात कोणास कळत नाही. तो पुन्हा आत शिरतो. पण ती सबंध रांग उठून गेली, तर वरची सुरावट उघडी पडते. ज्याच्यावाचून अडते, पण ज्याच्या चुकीने काही कोसळत नाही, अशी जागा समाजात फार थोडी आढळते. निवृत्त माणसाचे दुःख पुष्कळदा हेच असते, की त्याच्यावाचून कोठेच अडेनासे होते. तो बँडाकडे स्वभावामुळे वळला की आवडीमुळे, हा प्रश्न मला म्हणूनच दुय्यम वाटतो. आवडीने म्हणावे, तर स्टँडवर जो कागद येईल तो वाजवावा लागतो. बाखचा भक्त असला तरी त्याला सर्कशीतला मार्च वाजवावा लागतो, आणि काही महिन्यांनी तोच मार्च त्याला आवडूही लागतो. तो येतो, कारण तेथे त्याच्यासाठी एक खुर्ची ठेवलेली असते.

ही खुर्ची आपल्या संगीतात आहे काय? अभिजात गायकीत नाही. ती एकाची कला आहे. बाकीचे साथीदार, आणि उरलेले सारे रसिक. लहानपणी गुरू लाभला नाही त्याने ऐकावे, दाद द्यावी आणि भैरवीनंतर घरी जावे, असा आपला शिष्टाचार. साठाव्या वर्षी तानपुरा घेऊन बसणाऱ्याचे घरात कौतुक होते ते थट्टेच्या अंगाने. परंतु भजनी मंडळात ती खुर्ची आहे, किंबहुना पुरातन काळापासून आहे. पखवाजी आणि चाल लावणारा बुवा यांच्या मागे जे टाळकरी उभे असतात, ते तिसरी क्लॅरिनेटच होत. धृपद सर्वांनी मिळून उचलावयाचे असते, म्हणून तेथे बेसूर मनुष्यही खपून जातो आणि हळूहळू सुरात येतो. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांनी मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले. त्या शिदोरीवर पुढे मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद उभे राहिले. स्वरलिपी वाचता येणे ही तिसऱ्या क्लॅरिनेटची पहिली पात्रता, आणि ती एके काळी गोव्याच्या खेड्यापाड्यांत होती.

आणि बँड? तो तर आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. झालरीचा गणवेश, क्लॅरिनेटवर चित्रपटगीत, पुढे नाचणारी वरात. त्या बँडवाल्यास आपण सुपारी देतो, पण घरात बसवीत नाही. यामागचे कारण उघडपणे बोलले जात नाही. वाजंत्रीचा व्यवसाय मातंग, होलार अशा समाजांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला, आणि तोंडाने फुंकावयाचे वाद्य उष्टे मानण्याची खोड उच्चवर्णीयांस होती. म्हणून पांढरपेशा घरांतून पेटी, तबला, सतार शिरली, सनई आणि क्लॅरिनेट दाराबाहेर राहिली. अमेरिकेत निवृत्त डॉक्टर, शिक्षिका आणि मोटारदुरुस्ती करणारा एकाच रांगेत बसून एकच कागद वाचतात, याचे आम्हांस नवल वाटते, त्याचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

आपल्या शहरांतून ज्येष्ठ नागरिक संघ पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे बहुधा एखादे सभागृह असते, जे सकाळी रिकामे असते, आणि सभासदांपाशी वेळ असतो. बँडाची वाद्ये आपल्या देशातच, मीरतच्या जालीकोठी मोहल्ल्यात बनतात आणि विलायती वाद्यांच्या मानाने स्वस्त मिळतात. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत विवाहाचे मुहूर्त नसतात. गणेशोत्सव आणि नवरात्र वगळता गावचे बँडवाले त्या काळात काम शोधीत असतात. संघांच्या कार्यकारिणीने एक ठराव करावा, सभासदांकडून माफक वर्गणी जमवावी, गावातील बँडमास्तरास योग्य वेतन देऊन आठवड्यातून दोन सकाळी शिक्षक म्हणून बोलवावे, त्याला पहिल्या दिवशी पाट नव्हे तर खुर्ची द्यावी आणि ‘गुरुजी’ म्हणावे. पहिल्या वर्षी एखादी आरती चार जणांना धड वाजविता आली तरी पुरे. येत्या चातुर्मासापूर्वी हा विषय आपल्या संघाच्या सभेपुढे आणावा, अशी वाचकांस विनंती आहे.